डोके टेकण्याची जागा

ऑक्टोबरातले ऊन आमच्या बैठकीच्या खोलीत पश्चिमेच्या खिडकीतून येते आणि दुपारी साडेचारच्या सुमारास उत्तरेकडच्या भिंतीवरून अगदी तिरके सरकत जाते. उन्हाळ्यात सूर्य उत्तरेला कललेला असल्यामुळे ही भिंत त्याला सापडत नाही. नवरात्र सरता सरता मात्र तो दक्षिणेकडे उतरतो आणि भिंतीवरचा रोलरचा प्रत्येक पट्टा, पुट्टीची प्रत्येक उंचसखल जागा उघडी पडते. अशाच एका दुपारी चहाचा कप उचलताना मला त्या राखाडी भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, तळहाताएवढा एक चकाकणारा लंबगोल दिसला. मी जवळ जाऊन बोट लावून पाहिले. ओल नव्हती, बोटाला काही लागलेही नाही. पण ते काय आहे हे मला बोट लावण्याआधीच कळले होते. तीन वर्षांपूर्वी, बाबा गेल्यानंतर, ज्या डागावर आम्ही पुट्टी, प्रायमर आणि रंगाचे दोन हात चढवले होते, तो डाग पुन्हा वर आला होता.

मी स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितले. ती बिरड्यासाठी वाल सोलत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "मे महिन्यापासून आहे तो."

पाच महिने तिला तो डाग दिसत होता आणि तिने कुणालाही सांगितले नव्हते.

ही गोष्ट माझ्या मनातून जाईना, कारण त्या डागाशी आईचे वैर तीस वर्षांहून जुने होते. 1986 साली आईबाबा कोथरूडच्या या फ्लॅटमध्ये राहायला आले तेव्हा सागवानी दिवाण उत्तरेच्या भिंतीला लागून ठेवला गेला, आणि पहिल्या आठवड्यापासूनच त्याचा खिडकीकडचा कोपरा बाबांचा झाला. सकाळी आंघोळीनंतर ते तळहातावर खोबरेल तेल घेऊन डोक्याला चोळत, केस मागे वळवत आणि वर्तमानपत्र घेऊन तिथे बसत. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर पुन्हा तिथेच. रेडिओवरच्या बातम्या ऐकताना त्यांचे डोके मागे भिंतीला टेकलेले असे आणि डोळे मिटलेले. झोप लागली असे समजून कुणी आवाज कमी केला, तर डोळे न उघडता ते "ऐकतोय" एवढेच म्हणत. वर्षभरात पिस्ता रंगाच्या डिस्टेंपरवर एक पिवळसर छाया उमटली आणि दुसऱ्या वर्षी तिला कडा आली. आईने सोड्याच्या पाण्यात फडके बुडवून ती पुसली, तेव्हा डिस्टेंपरच निघून आला आणि डागाभोवती पांढरे वलय उमटले. मग तिने तिथे कालनिर्णय टांगले. बाबांचे डोके कालनिर्णयाला टेकू लागले, कागदात तेल उतरत गेले आणि जूनच्या पानातून जुलैच्या तारखा दिसू लागल्या. त्यानंतर टाचण्यांनी नॅपकिन लावला गेला, दर रविवारी तो धुतला जाऊ लागला, आणि कुणी येणार असल्याचे कळले की काढून ठेवला जाऊ लागला. चार-पाच वर्षांनी घराला रंग निघे, डाग झाकला जाई, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तो आपली जागा परत घेई.

मला पाहायला पहिली मंडळी आली त्या दिवशी आईने नवे पडदे लावले होते, लक्ष्मी रोडवरून आणलेले, अबोली रंगाचे. शोकेसच्या काचा पुसल्या गेल्या, टीपॉयवर भरतकामाचा रुमाल आला, आणि बाबांना सांगण्यात आले की पाहुणे जाईपर्यंत तुम्ही जागेवरून हलायचे नाही, म्हणजे मागचे काही दिसणार नाही. दीड तास ते ताठ बसून राहिले. इस्त्रीच्या शर्टाची कॉलर भिंतीपासून चार बोटे दूर ठेवून, डोके न टेकता, त्यांनी सगळ्यांशी नीट गप्पा मारल्या. ते स्थळ पुढे गेले नाही. मंडळी जिना उतरून गेल्यावर बाबांनी हळूच मान मागे टेकवली आणि डोळे मिटले, एवढे मात्र मला अजून दिसते. त्या क्षणी ती खोली पुन्हा त्यांची झाली होती.

बैठकीची खोली नेमकी कुणाची, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो तेव्हा. आपल्या मध्यमवर्गीय घरांत सगळ्यांत मोठी, सगळ्यांत उजेडाची खोली ती असते. तिच्या रंगावर सगळ्यांत जास्त चर्चा होते, पैसे तिच्यावरच खर्च होतात, आणि तरीही तिथला प्रत्येक निर्णय दारातून आत येणाऱ्या माणसाच्या नजरेने घेतला जातो. तो आत आल्या आल्या समोरची भिंत कशी दिसेल, सोफा कसा दिसेल, पडदा भिंतीला शोभेल का. त्याच सोफ्यावर रोज तीन तास बसणाऱ्या माणसाला तिथून काय दिसते, त्याच्या पाठीला काय लागते, संध्याकाळी दिवा लावल्यावर त्याला तो रंग कसा वाटतो, हे कुणी विचारत नाही. आम्हीही विचारले नव्हते.

बाबा गेल्यानंतर सहा महिन्यांनी भाऊ परदेशातून आला तेव्हा त्याला ती खोली सहन होईना. तो रोज सकाळी दिवाणाकडे न बघता दाराकडे जाई. आपण सगळे बदलून टाकू, आईला बरे वाटेल, असे तो म्हणाला, आणि त्यामागे दुसरे काही नव्हते हे मला आजही ठाऊक आहे. एका सजावटीच्या दुकानातून माणूस आला, त्याने लेसरच्या यंत्राने मापे घेतली, संगणकावर आमचीच खोली आम्हाला राखाडी करून दाखवली. तीन भिंती फिक्या राखाडी, एक गडद, छताला आतून पांढरे दिवे, एल आकाराचा मोठा सोफा. दिवाण माझ्या खोलीत गेला. सोफ्यावर ठेवायला मी हौसेने खणाच्या कापडाच्या उश्या आणल्या, गुलबक्षी आणि आमसुली, वर बारीक बुट्टी. खोली खरोखर सुंदर दिसत होती. येणारे सगळे तसे म्हणाले.

आई त्या सोफ्याच्या काठावर बसू लागली. त्या सोफ्याची बैठक इतकी खोल होती की पाठ मागे टेकवली तर चार फूट दहा इंचांच्या माझ्या आईचे पाय जमिनीवरून उचलले जात, आणि पाठीचा भाग इतका बुटका होता की मागे सरकून बसले तरी डोक्याला आधार मिळत नसे. खणाच्या उश्या तिने पहिल्याच दिवशी उचलून शोकेसमध्ये ठेवल्या. "ओटी भरायचं कापड ते, त्याला पाठ कशी लावायची," असे ती म्हणाली, आणि मला ते आधी सुचले नाही याची खंत वाटली. तीन वर्षे ती तिथे एखाद्याच्या घरी गेल्यासारखी बसत होती. हे माझ्यासमोर घडत होते आणि मला दिसत नव्हते. डाग वर आला त्या दुपारी ते दिसले.

सोफ्याच्या पाठीवर क्रोशाचे रुमाल टाकायची पद्धत आपल्याकडे अजून पुष्कळ घरांत आहे. माझ्या मावशीने विणलेले तसले सहा रुमाल आईच्या ट्रंकेत आहेत, मधोमध अननसाची नक्षी असलेले. या रुमालांना इंग्रजीत अँटीमकॅसर असे नाव आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पुरुष डोक्याला मकॅसर नावाचे तेल लावीत, आज इंडोनेशियात असलेल्या सुलावेसी बेटावरच्या बंदराचे ते नाव, आणि त्या तेलाचे डाग खुर्च्यांच्या पाठींवर पडू नयेत म्हणून घरोघरच्या बायकांनी हे रुमाल विणायला घेतले. म्हणजे आईच्या नॅपकिनला फार जुने आणि दूरदूरचे सोबती होते. डोके टेकणारा माणूस आणि त्याच्या मागे फडके घेऊन उभी असलेली बाई ही जोडी जगात सगळीकडे होती, हे वाचले तेव्हा मला आईविषयी एकदम माया दाटून आली. तिची सगळी चिडचिड, ते दर रविवारचे धुणे, हा तिच्या परीने त्या टेकलेल्या डोक्याला दिलेला आधारच होता. डाग पुसायचा होता. टेकू नका असे मात्र तिने बाबांना पाहुण्यांचा तो एक दिवस सोडला तर कधीच म्हटले नव्हते.

दिवाळीच्या आधी रंगारी मिळत नाहीत. दिवाळी झाल्यावर जे काका आले ते पंचावन्नच्या पुढचे, हाताला कायमचा पांढरा थर बसलेले. त्यांनी भिंतीला नखाने खरवडले, नखाचा वास घेतला आणि माझ्याकडे पाहिले.

"ताई, तेल आहे हे. पाण्याचा रंग याला अडवत नाही. दहा हात मारा, हे वर येणार."

त्यांनी समजावून सांगितले ते मी मन लावून ऐकले. डिस्टेंपर काय किंवा आजचे इमल्शन काय, दोन्ही पाण्यात कालवलेले रंग. भिंतीच्या गिलाव्यात मुरलेले तेल त्यांच्यातून वाट काढत वर येते. आधी तेवढा भाग काचकागदाने घासायचा, पुट्टी पार खाली गिलाव्यापर्यंत काढायची, सोड्याने धुऊन वाळवायचे आणि मग तेलाचा प्रायमर द्यायचा, पाण्याचा नव्हे. मागच्या वेळी ते कुणी केलेच नव्हते. मग डाग मे महिन्यातच का दिसला, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी नुसते वर, उन्हाकडे बोट दाखवले. खोबरेल तेल 24 अंशांच्या आसपास गोठते. पुण्याच्या डिसेंबरात बाबांची बाटली पांढरी घट्ट होऊन जाई आणि ते ती स्वयंपाकघराच्या खिडकीत उन्हाला ठेवत. भिंतीत मुरलेल्या तेलाचेही तसेच काही होत असेल का, थंडीत ते आत गप्प बसत असेल आणि वैशाखात पातळ होऊन वर सरकत असेल का, हे मला सांगता येणार नाही. पण त्या रात्री झोप येईपर्यंत मी त्याचाच विचार करत होते.

"पाण्याचा रंग याला अडवत नाही" हे काकांचे वाक्य मला एका दुसऱ्या घरात घेऊन गेले. संगमेश्वर तालुक्यातले बाबांचे घर जांभ्याच्या चिऱ्यांचे होते आणि त्याला दर दिवाळीच्या आधी चुना लागे. अंगणात पिंपात कळीचा चुना टाकून वर पाणी ओतले की पाणी आपसूक उकळू लागे. आम्हा मुलांना लांब उभे करत, आणि चुलीवाचून उकळणारे ते पाणी आम्ही श्वास रोखून पाहत असू. निवल्यावर तो गाळायचा, त्यात चिमूटभर नीळ घालायची, म्हणजे पांढरा रंग पिवळट न दिसता शुभ्र दिसतो. भिजवलेला चुना भिंतीवर लागला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा दगड होतो, म्हणून पहिल्या दिवशी पाणचट दिसणारी भिंत आठवड्याने उजळते. पण त्या भिंतीला पाठ लावली की पाठ पांढरी होई. म्हणून ओटीवर जाजम, जाजमावर गादी आणि गादीमागे तक्क्या. आणि भिंतीचा खालचा भाग, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वरपर्यंत, गेरूने रंगवलेला. कुणी त्यालाच हिरमजी म्हणे. त्या शब्दात होर्मुझ बेट दडलेले आहे, तिथल्या तांबड्या मातीमुळे. वरचा पांढरा भाग डोळ्यांसाठी होता आणि खालचा तांबडा भाग माणसांच्या पाठींसाठी, मुलांच्या हातांसाठी, टेकवलेल्या काठ्यांसाठी.

आणि आजोबा तर भिंतीला टेकतच नसत. त्यांची जागा ओटीवरच्या फणसाच्या खांबाशी होती. त्यांच्याही डोक्याला तेल असे, त्यांचेही डोके रोज तिथेच टेकत असे. पण त्या खांबावर डाग नव्हता. तिथे लाकूड काळसर सोनेरी झाले होते, हात फिरवला तर गारगोटीसारखे गुळगुळीत लागे, आणि गावातला कुणीही ओटीवर आला की नकळत तिथेच हात ठेवून बोलत असे. एकच तेल, एकाच घराण्यातली डोकी. लाकडाने त्याची झिलई केली आणि डिस्टेंपरने त्याचा डाग केला.

खालच्या पट्ट्याची ही समज फार जुनी आणि फार ठिकाणी पसरलेली आहे. एसटी स्टँडच्या भिंती, जिल्हा परिषदेच्या शाळा, सरकारी दवाखाने, गिरगावातल्या चाळींचे जिने, सगळीकडे खाली गडद तेलरंग आणि वर फिका डिस्टेंपर, मध्ये एक बोटभर रेघ. लहानपणी मला ते कुरूप वाटत असे. भिंतीचे दोन तुकडे केल्यासारखे. आता वाटते की ते रंगवणाऱ्याने माणसाला भिंतीपासून दूर राहायला सांगितले नव्हते. तू टेकशील, तुझा खांदा घासेल, तुझा हात लागेल, हे त्याने आधीच मान्य केले होते. आमच्या राखाडी भिंतींनी ते मान्य केले नव्हते.

रंग निवडायला घेतले तेव्हा मी पहिला निर्णय एवढाच केला की या वेळी आई सांगेल तसे. ती मला तितके सोपे जाऊ देणार नव्हती. शेडकार्डाचा पंखा तिच्या हातात दिला, तर तिने तो कालनिर्णय चाळावा तसा चाळला आणि परत दिला. तिच्या पिढीतल्या बायकांचे रंग लुगड्यांवरून आणि स्वयंपाकघरातून आलेले आहेत: मोरपंखी, चिंतामणी, कोनफळी, अंजिरी, श्रीखंडी, आमसुली. ती म्हणाली, "वरती सायीचा दे. निरशा दुधाच्या नव्हे, तापवून गार केलेल्या दुधाच्या सायीचा." दुकानदार भला माणूस होता. त्याने कार्डावर तसे सात रंग काढून दिले, आणि आम्ही त्यांतले चार छोट्या डब्यांत घेऊन आलो. दुकानात मागच्या फळीवर एक जुना, रिकामा डबा शोभेला ठेवलेला होता, त्यावर कुंचला घेतलेला, एशियन पेंट्सच्या जाहिरातीतला गट्टू. आर. के. लक्ष्मण यांनी 1954 साली काढलेला तो मुलगा माझ्या लहानपणी प्रत्येक घराच्या गॅलरीत असे, कारण रिकामे डबे फेकायची पद्धत नव्हती. आमच्याकडे त्याच्या डोक्यावर ओवा उगवलेला होता. आईने त्या डब्याकडे बराच वेळ पाहिले.

काकांनी भिंतीवर दोन दोन फुटांचे चार चौकोन रंगवले आणि मी त्यांना पाच दिवसांनी यायला सांगितले. हे पाच दिवस आम्ही त्या चौकोनांसमोर जगलो. कार्डावरचा बोटभर रंग आणि भिंतीवरचा रंग एक नसतो, हे ऐकून माहीत होते; ते पाहण्यात निराळाच आनंद होता. समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर आपला रंग टाकतात आणि तो दाट होत जातो, म्हणून कार्डावर जेमतेम पिवळा वाटणारा रंग खोलीभर लावला की केळ्याच्या शिकरणासारखा दिसतो. सकाळी खिडकीबाहेरच्या गुलमोहरावरून परतलेला उजेड आत येई तेव्हा दुसरा चौकोन हिरवट होई. दुपारच्या उन्हात चारही जवळजवळ सारखे दिसत. दिवे लावले की मात्र सगळे निळसर, आजारी पडत, आणि तेव्हा कळले की तीन वर्षे आम्ही छतातल्या 6500 केल्विनच्या, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाच्या, दिव्यांखाली बसत होतो. मी एक दिवा बदलून 3000 केल्विनचा, पिवळसर उजेडाचा लावला. तिसरा चौकोन एकदम आतून कोमट झाला. आई म्हणाली, "हा." आणि दोन मिनिटांनी म्हणाली, "थांब."

तिने उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला, मग डाव्यावर. मग पुन्हा उजव्यावर. ऑगस्टमध्ये तिच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. डाव्याचे जानेवारीत व्हायचे होते. वय वाढते तसे डोळ्यातले भिंग पिवळे होत जाते, निळा उजेड अडवू लागते, आणि हे इतके सावकाश होते की माणसाला कळतही नाही. एका डोळ्याचे भिंग बदलले की मग दोन्ही डोळ्यांतली तफावत लक्षात येते. "या डोळ्याने साय दिसते," डावा डोळा उघडा ठेवून ती म्हणाली, "आणि या डोळ्याने नुसता पांढरा. खरा कुठला?" मला उत्तर देता येईना. ज्या राखाडीला आम्ही राखाडी म्हणत होतो, तो तिला तीन वर्षे कसला दिसला असेल, हा विचार मनात आला आणि मी खाली बसले. तिच्या पिवळ्या भिंगातून तो चिखलासारखा दिसला असेल का? तिने कधी सांगितले नव्हते. डागासारखेच.

"दुसरं ऑपरेशन झालं की हा रंग जाईल का गं?"

"रंग राहील. तुझा डोळा बदलेल."

त्यावर ती बराच वेळ एक एक डोळा झाकून चारही चौकोन पाहत राहिली, आणि शेवटी तिने चौथा निवडला, जो तिसऱ्यापेक्षा थोडा पिवळा होता. नव्या डोळ्याने पाहिले तरी त्यात साय उरत होती, आणि जुन्या डोळ्याने पाहिले तर ती बासुंदीकडे झुकत होती. दोन्ही चालेल, असे ती म्हणाली. मला तो रंग माझ्या डोळ्यांनी थोडा जास्तच पिवळा वाटला होता, आणि अजूनही कधी कधी वाटतो. पण त्या खोलीत सकाळ-संध्याकाळ बसणारी मी नाही.

उत्तरेच्या भिंतीचा प्रश्न तिने दोन वाक्यांत सोडवला. "ओटीसारखा खाली पट्टा दे. तेलाचा." मी काकांना विचारले, तेव्हा त्यांचा चेहरा खुलला, घरात आता कुणी असे मागत नाही, पण तेलरंगावर तेल लागले तर ओल्या फडक्याने निघते आणि मुरत नाही, असे ते म्हणाले. गेरूचा रंग नुसता लावला असता तर खोलीला जड झाला असता, म्हणून त्यांनी त्यात पांढरा मिसळून पाहिला, मग थोडा पिवळा, आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लावून आईपुढे धरला. विटकरी आणि बदामी यांच्या मधला, जुन्या कौलावर ऊन पडल्यासारखा तो रंग होता. पट्ट्याची उंची ठरवायला मी टेप घेतली. डागाचा मध्य जमिनीपासून तीन फूट दहा इंचांवर निघाला. आम्ही पट्टा साडेचार फुटांपर्यंत न्यायचे ठरवले.

सोफा एका नात्यातल्या तरुण जोडप्याला दिला, त्यांच्या लांब पायांना तो छान मानवला. दिवाण माझ्या खोलीतून परत आला. त्याची गादी पिंजून घ्यायची होती. धनुकलीचा तो तुणतुणणारा आवाज गल्लीतून गेल्यालाही कित्येक वर्षे झाली, त्यामुळे गादी दुकानात न्यावी लागली आणि यंत्रावर पिंजलेला कापूस भरून आली. तक्क्ये दोन करून घेतले. वरून निळी-पांढरी सोलापुरी चादर, जी आईकडे होतीच, आणि जिचे चौकडे इतक्या वेळा धुऊन मऊ आणि फिके झाले आहेत की ती नव्या रंगाशी भांडत नाही. खणाच्या उश्यांचे अभ्रे उसवून मी कापड जपून ठेवले आहे. पडद्यांसाठी साधी जाड खादी घेतली, रंगवलेली नाही, धाग्याचाच रंग.

डाग घासायचे काम काकांनी सगळ्यांत आधी घेतले. मी घरीच थांबले होते. काचकागदाचा आवाज सुरू झाला आणि आई देवघरासमोर जाऊन बसली. जप करत होती की नुसतीच बसली होती, मी विचारले नाही. राखाडी निघाला. खाली बाबांच्या शेवटच्या वर्षांतला मोतिया, त्याखाली गुलाबी, त्याखाली आकाशी, आणि सगळ्यांत खाली पिस्ता. प्रत्येक थरात तो लंबगोल होता, प्रत्येक थरात थोडा वेगळ्या आकाराचा. वरच्या थरांत तो खाली सरकला होता, कारण शेवटच्या वर्षांत बाबांची पाठ वाकली होती. हे मला आधी माहीत नव्हते. काकांनी हात थांबवून विचारले, "काढू ना ताई?" मी देवघराकडे पाहिले. आतून आईचा आवाज आला, "काढा. नीट काढा, पुन्हा यायला नको."

भुसा खाली पडला. पांढरट, पिवळट, खोबऱ्याच्या किसासारखा. तो मी सुपात भरला आणि कुंडीत टाकावा की कचऱ्यात, हे न कळून दोन दिवस गॅलरीत ठेवला. तिसऱ्या दिवशी सूप धुऊन जागेवर गेलेले दिसले. आईने काय केले ते मी विचारलेले नाही.

तेलरंगाचा दुसरा हात झाला त्या संध्याकाळी घरभर टर्पेंटाइनचा वास होता. काकांनी ब्रश रॉकेलमध्ये बुडवून ठेवले, हात पुसले आणि आईला बजावले, "आजी, थंडीचे दिवस आहेत, रंग सावकाश कडक होतो. आठ दिवस कुणी टेकू नका." आईने मान हलवली. दिवाण भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवला होता. त्यावर ती आठ दिवस बसत होती, पाठीशी काही नसताना, हातात माळ किंवा वर्तमानपत्र घेऊन, आणि मला वाटत होते की तिला काठावर बसायची सवयच लागली आहे आणि आता काही ती सुटणार नाही.

नवव्या दिवशी मी दुपारी घरी आले तेव्हा दिवाण भिंतीला लागलेला होता. तिने तो एकटीने ढकलला होता. केस धुऊन, वाळवून, तेल लावून तिने बारीक अंबाडा घातला होता, मानेपाशी तेलाचा ओलसरपणा दिसत होता. तक्क्या कमरेशी ओढून घेऊन ती बाबांच्या कोपऱ्यात बसली होती, डोके मागे टेकलेले, डोळे मिटलेले. साडेचारचे ऊन भिंतीवरून सरकत तिच्या कानापर्यंत आले होते. बाबांचे डोके जिथे टेकायचे, त्याच्या चार बोटे खाली तिचे डोके टेकले होते. मी टीव्हीचा आवाज कमी करायला रिमोट उचलला.

"ऐकतेय," ती म्हणाली.